वरून तिसरं

"आधी पाय मोज."

कुठलीही चिप हातात आली की मावशी पहिलं हेच म्हणायची. म्हणायची आणि स्वतःच मोजायला लागायची. डाव्या हाताच्या दोन बोटांत चिप उभी धरायची आणि उजव्या अंगठ्याचं नख तिच्या धातूच्या पायांवरून फिरवायची. कंगव्याच्या दातांवरून बोट फिरवलं की येतो तसा बारीक आवाज यायचा. एक बाजू झाली की दुसरी. मग म्हणायची, "अठ्ठावीस." चिपेकडे बघायचीसुद्धा नाही. एखादा पाय वाकलेला लागला तर त्याच नखानं सरळ करायची, शाळेत निघालेल्या पोराची कॉलर नीट करावी तशी.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. कासारवाडीत आमच्या गल्लीत तिला सगळे मावशीच म्हणत. माझे वडीलही म्हणत, आणि ते तिच्याहून चार वर्षांनी मोठे होते.

मावशी भोसरीतल्या एका कंपनीत अठरा वर्षं लाइनवर बसली होती. बोर्डांना सोल्डरिंगचे डाग देणं, चिपा बसवणं, तयार माल तपासणं. ती कंपनी बंद झाली तेव्हा बाकीच्या बायका कुठं कुठं कामाला लागल्या. मावशीनं मात्र घरातच खिडकीपाशी टेबल मांडलं. एक शेठ लेथ मशीनला तेल सोडणाऱ्या पंपांचे टायमर बनवायचे. किती वेळ तेल सोडायचं, किती वेळ थांबायचं, हे ठरवणारी एक चिप त्या टायमरमध्ये असते. कोरी चिप आणायची, तिच्यात प्रोग्राम भरायचा आणि शेठला परत द्यायची, हे मावशीचं काम. गल्लीत कुणी विचारलं की काका, म्हणजे तिचे यजमान, सांगायचे, "ती चिपा भरती." नवा माणूस समजायचा बटाट्याच्या.

काम करताना कुणी हाक मारली, दारात भाजीवाला आला, फोन वाजला, तरी तिचं उत्तर एकच. "थांब, हात गुंतलेत."

मावशी सातवीपर्यंत शिकली होती. इंग्रजी अक्षरं तिला ओळखू यायची, पण शब्द जुळायचे नाहीत. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम भरायचं सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीत. तिनं ते जागेवरून पाठ केलं होतं. "वरून तिसरं" दाबलं की चिपेतलं कॉम्प्युटरमध्ये वाचलं जातं. "वरून पाचवं" दाबलं की कॉम्प्युटरमधलं चिपेत भरलं जातं. "खालचं" दाबलं की चिपेला कुलूप लागतं, म्हणजे आतला प्रोग्राम कुणाला काढून घेता येत नाही. हजारो चिपा तिनं अशा भरल्या, आणि एकदाही चुकली नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. पुढं शेठच एकदा म्हणाले होते, आणि ज्या दिवशी म्हणाले तो दिवस मला विसरता येत नाही.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वडील जालन्याकडून आलेले, प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मला प्रोजेक्ट करायचं होतं. वडिलांच्या प्रेसवर किती ठोके पडले ते मोजायचं आणि ठराविक ठोक्यांनंतर दिवा लावायचा, म्हणजे पत्रा कापणारी डाय धार लावायला काढायची वेळ झाली हे कळेल. कल्पना वडिलांचीच. मी फक्त वहीत लिहून काढली, आणि इंटरनेटवर बघून चिपांची एक यादी केली. यादीत अकरा नावं होती. कुणाचा वेग जास्त, कुणात वायफाय, कुणाला शंभर पाय. आठवडाभर मी ती यादी नुसती वाचत होते. निवडायचं कसं, हे वर्गात कुणाला विचारायची लाज वाटत होती. सगळ्यांना आधीच माहीत आहे असं वाटायचं. शेवटी आई म्हणाली, "त्या मावशीला विचार ना, चिपांतच असतात त्या."

मला आतून हसू आलं होतं. हेही सांगून टाकलं पाहिजे.

मावशीनं यादी घेतली, वाचता येत नसूनही नीट बघितली आणि परत दिली. "ह्ये ऱ्हाऊ दे. काम काय हाय तिला?"

मी सांगितलं. ठोका मोजायचा, आकडा दाखवायचा, दिवा लावायचा.

"म्हंजी एक तार आत, आन् दोन-चार तारा बाहीर. मंग शंभर पायांचं जनावर कशापायी घरात आणती? त्याला चारा कोण घालणार?"

"पण मावशी, पुढं वायफाय लावायचं झालं तर?"

"पुढचं पुढं. आधी ठोका तर मोज."

मग तिनं मला एक गोष्ट विचारली, जी माझ्या यादीत कुठंच नव्हती. "त्यात भरणार कुठनं?" मला कळेना. ती म्हणाली, "पोरी, प्रत्येक चिपेला आत जायचं दार असतंय. कुणाला यूएसबीची वायर थेट चालती, कुणाला सहा पिनांचं कनेक्शन लागतं, कुणाला काढून ह्या डबीत बसवावं लागतं. घर घ्यायच्या आधी दार बघत्यात का न्हाई? तुझ्याकडं ज्या दाराची चावी हाय, तसलीच चिप घे."

ती डबी म्हणजे चिप भरायचं यंत्र. वर एक खाच आणि बाजूला छोटा खटका. चिप ठेवायची, खटका पाडायचा, चिप घट्ट धरली जाते. मावशीची ती डबी हिरव्या रंगाची होती, आणि खटक्याचं टोक अंगठ्यानं गुळगुळीत झालं होतं.

तिनं मला निळ्या बोर्डावरची अठ्ठावीस पायांची चिप घ्यायला लावली. बोर्डाला यूएसबीची वायर लागते, शिकायला सोपं. प्रोग्राम चालायला लागला की चिप त्यातून उचलून स्वतःच्या बोर्डात बसवायची. एक चिप जळली तर दुसरी लावता येते. "पयल्या सालात चार तरी जाळशील," ती म्हणाली. मी तीन जाळल्या. तिसरी जळाली तेव्हा मी रडले. मावशी म्हणाली, "रडू नगस. हिला तू उलटी बसवली हुती. आता जल्मात बसवणार न्हाईस." खरंच कधी बसवली नाही.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "सगळ्यांनी मोठ्या चिपा घेतल्या आहेत, तू हीच का घेतलीस?" मी मावशीचंच उत्तर दिलं, फक्त पुस्तकी शब्दांत. सर खूश झाले. म्हणाले, "कुणी शिकवलं?"

"इंटरनेटवरून शिकले, सर."

एवढं सहज तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं. घरी येऊन मावशीला पेढे दिले. ती म्हणाली, "सरांनी काय इचारलं?" मी म्हणाले, "काही खास नाही." तुम्हाला वाटेल, एवढ्याचं काय. पण मला वाटतं, पुढचं जे झालं त्याची सुरुवात तिथंच होती. एकदा गप्प राहिलं की दुसऱ्यांदा गप्प राहायला कष्ट पडत नाहीत.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मावशीचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. काकांनी कुठल्याशा ऑफिसमधून काढलेला एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. शेठची घाई होती. मावशीनं मला बोलावलं. "तेवढं ह्यात माझं सॉफ्टवेअर घालून दे, पोरी."

जुनं सॉफ्टवेअर ह्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून मी त्याचं नवीन घेतलं. त्यात बटणांच्या जागा बदललेल्या होत्या. मी मावशीला म्हटलं, "तुम्हाला नंतर समजावून सांगते." डबी जोडली. आता नीट चालतंय का ते बघायचं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शेठच्या टायमरचा प्रोग्राम ज्या इंजिनिअरनं लिहिला तो कधीच काम सोडून गेला होता. शेठकडे त्याची फाइल नव्हती. टायमरमध्ये गेलेल्या सगळ्या चिपांना कुलूप, त्यांतून काही वाचता येत नाही. बिनकुलपाची मूळ चिप एकच होती. तिला मास्टर म्हणत. मावशी ती कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवायची, आणि ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. काम आलं की मास्टर डबीत बसवायची, वाचायची, मास्टर करंड्यात परत ठेवायची, आणि मगच कोऱ्या चिपांना हात लावायचा. हा क्रम ती कधी मोडत नसे. फाइल साठवून ठेवायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी, सांगू शकणारी, तिला कधी विचारलंच नव्हतं.

मी मास्टर डबीत बसवली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, आलं की हातातलं टाकून पळायचं. मावशी हंडा घेऊन उठली आणि दारातून म्हणाली, "आधी वाचून घे. मंग बाकीचं."

"हो मावशी."

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठं बटण होतं, ऑटो. मला वाटलं, ह्यानं सगळं आपोआप होईल. मावशी परत येईपर्यंत सगळं झालेलं दिसेल, ती म्हणेल, बघा, पोरीनं कसं झटक्यात केलं. मी ते दाबलं. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. मग लिहून आलं, काम पूर्ण.

ऑटो म्हणजे आधी चिप पुसणं, मग कॉम्प्युटरमध्ये जे असेल ते तिच्यात भरणं. कॉम्प्युटरमध्ये काहीच नव्हतं. मी चिप वाचून बघितली. पडदाभर एकच अक्षर, एफ, एफ, एफ, एफ. कोरी चिप वाचली की असं दिसतं. मावशी त्याला "पांढरं" म्हणायची.

बाहेर हंड्यात पाणी पडत होतं. मी खटका उचलला, चिप काढली, लाल ठिपका वर ठेवून करंड्यात ठेवली आणि झाकण लावलं. असं का केलं, ह्याचं उत्तर मी खूप शोधलं. नीटसं सापडत नाही. भीती वाटली, एवढंच. आतापर्यंत कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता, आणि तो माझ्या हातात असतानाच फुटला, हे तिला दिसू नये असं वाटलं.

ती ओल्या हातानं आत आली. "झालं?"

"झालं मावशी. जोडलंय सगळं. वाचायचं बटण कितवं, भरायचं कितवं, ते ह्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. खुर्चीत बसली होती. मास्टर डबीत होती. पडद्यावर पांढरं.

"पोरी," ती म्हणाली, "ह्यात वरून तिसरं काय हाय?"

मी बघितलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये वरून तिसरं बटण फक्त तपासायचं होतं, चिप कोरी आहे की नाही ते बघायचं. त्यानं काहीही पुसलं जात नाही. मला ते माहीत होतं.

"मी सवयीनं त्येच दाबलं," ती म्हणाली. "मंग म्हटलं, ह्यातलं येगळं असंल, तर तुझ्या त्या चिठ्ठीवरनं वाचायचं दाबलं. तर समदं पांढरं. तिसऱ्यानंच पुसलं जातंय का गं?"

एक शब्द पुरला असता. नाही. एवढाच.

मी म्हणाले, "बघावं लागेल, मावशी."

तिनं मास्टर डबीतून काढून करंड्यात ठेवली. मग स्वतःच म्हणाली, "बघायचं काय. मलाच वाचता येत न्हाई. एवढी सालं जागेवर बोट ठेवून खाल्लं. कवातरी हुणारच हुतं."

मी घाबरून म्हणाले, "कधीकधी जुन्या चिपा आपोआपही विसरतात."

"न्हाई गं. चिप इसरत न्हाई. माणूस चुकतंय."

संध्याकाळी शेठ आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भिंतीला टेकून उभी होते. शेठ म्हणाले, "मावशी, इतक्या वर्षांत तुमच्या हातून एक चिप चुकली नाही. आता राहू द्या. वय होतं माणसाचं." मावशी म्हणाली, "व्हय शेठ. माझ्याच हातनं झालं." आणि कोऱ्या चिपा ज्यांत यायच्या त्या प्लास्टिकच्या नळ्या मोजून त्यांच्या पिशवीत घातल्या.

पुढचे दोन महिने मी तो प्रोग्राम पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. वडिलांच्या ओळखीनं एका वर्कशॉपमध्ये जाऊन तो टायमर बघितला, घड्याळ लावून सेकंद लिहून घेतले. लिहिलाही. तो घेऊन शेठकडे गेले तर त्यांनी दुसरीकडून नवीन टायमर करून घेतला होता. म्हणाले, "चांगलं केलंय, पण आता गरज नाही." आणि मावशीला मी हेही सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ती विचारणार, तुला एवढा त्रास कशासाठी?

काका निवृत्त झाले आणि दोघं चाकणच्या पुढं त्यांच्या गावी, मुलाकडे राहायला गेली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मावशीनं मला हिरवी डबी दिली, आणि करंडा. "तू ठेव. मला आता नगं. तुला त्या पांढऱ्यात कधी काय दिसलं तर बघ."

त्याला तीन वर्षं झाली. मला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली, टेस्टिंगला. कंपनीची बस रोज मावशीच्या गावाच्या फाट्यावरून जाते. फाट्यावर एक टपरी आहे, तिच्या शेजारी दोन माणसं रोज बसलेली असतात. मला त्या दोघांचे चेहरे पाठ झाले, पण मी कधी उतरले नाही. सकाळी वाटायचं, येताना उतरू. येताना वाटायचं, रविवारी येऊ.

मागच्या महिन्यात आमच्या विभागात एक नवी मुलगी आली. तिनं मला विचारलं, "मॅडम, एवढ्या चिपा आहेत, शिकायला कुठली घेऊ?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आधी पाय मोज." ती हसली. म्हणाली, "हे भारी आहे. कुणाचं?"

त्या दिवशी येताना मी फाट्यावर उतरले.

घर सापडायला वेळ लागला नाही. मावशी ओसरीवर बसली होती. थोडी वाळली होती, पण चेहरा तोच. सून आत स्वयंपाक करत होती. मावशीचे हात मांडीवर नुसते ठेवलेले होते, मोकळे. तिचे हात असे मी कधीच बघितले नव्हते.

"पोरी, कंपनीत लागलीस म्हणं. बरं झालं."

मी म्हटलं, "तुम्हाला फोन करायचा होता, पण…"

सून आतून म्हणाली, "फोन त्या घेतच नाहीत. हातच लावत नाहीत. बहिणीशी बोलायचं असलं तरी आम्हीच लावून कानाला धरायचा. टीव्हीचं रिमोटपण नको."

"माझा हात लागला की पुसलं जातंय," मावशी हसून म्हणाली. नेहमीचा विनोद असावा, कारण सून आत हसली. मला हसता आलं नाही.

नोकरी लागल्यापासून करंडा माझ्या पर्समध्येच असायचा. तो काढला आणि तिच्यापुढे ठेवला. मग सांगितलं. सगळं. नळाला पाणी आलं ते, ऑटोचं बटण, झाकण लावलं ते. वरून तिसऱ्यानं काहीच पुसलं जात नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, तेही. मध्ये कुठंच थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा गप्प बसले असते.

मावशीनं करंडा उघडला. लाल ठिपका थोडा खरवडला होता. चिप दोन बोटांत धरली आणि नख पायांवरून फिरवलं. एक बाजू. दुसरी बाजू. खूप हळू.

"आधी वाचलं न्हाईस?"

"नाही, मावशी."

"मी सांगितलं हुतं."

"हो."

तिनं चिप करंड्यात ठेवली, झाकण लावलं आणि करंडा माझ्याकडे सरकवला. मग आत तोंड करून म्हणाली, "त्यो मोबाइल दे हिकडं."

सून बाहेर आली. "कुणाला लावायचाय? मी लावते."

"दे तू."

सुनेनं नावांची यादी उघडून दिली. मावशीनं मोबाइल डाव्या हातात धरला. उजव्या अंगठ्याचं नख पडद्यावरून एकेका नावावर खाली आलं. एक. दोन. तीन.

"मावशी," मी म्हणाले, "मला माफ…"

"थांब," ती म्हणाली. "हात गुंतलेत."

तिनं बोट टेकवलं आणि मोबाइल कानाला लावला. पलीकडे कुणीतरी उचलला.

"अक्के, मी बोलती. व्हय, मीच. न्हाई, न्हाई, कुणी लावून दिला न्हाई. मी लावलाय. माझ्या हातानं."

मग ती बोलत राहिली. पावसाचं, मेथीचं, कुणाच्यातरी गुडघ्याचं. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी करंडा मांडीवर घेऊन बसून होते. फाट्यावरून शेवटच्या शिफ्टची बस गेल्याचा आवाज आला, तरी ती बोलतच होती.